फुवांचा खोकला

मी सगळ्यात जास्त देणं लागतो ते माझ्या फुईचं. आमच्या बागलाणात आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला फुवा. आमच्या खेड्यातली शाळा सातवीलाच संपायची. फुईने मला नामपूरला आपल्या घरी नेलं, स्वतःच्या मुलाच्या ताटाशेजारी माझं ताट मांडलं आणि आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर उभा केला. तिला स्वतःला अक्षर येत नाही. त्या पदवीचं मी पुढे काय केलं, तर भुताची कादंबरी लिहिली.

कादंबरीविषयी मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. नाशिकला द्वारका चौकाजवळ आमचं घर आहे. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी, रस्त्यावर हॉर्न बोंबलत असताना, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून मी भयाण शांतता लिहीत असे. गोष्ट अशी की एका जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये मेलेल्या माणसाचा आवाज राहतो. तो आधी खोकतो, मग माणसांचा लिलाव पुकारतो, आणि ज्याच्यावर बोली लागते तो सकाळी मेलेला सापडतो. बायकोने मेथी निवडता निवडता हस्तलिखित वाचलं आणि भूत आधी कुठल्या खात्यात होतं, असं विचारलं. मी पुन्हा वाचून पाहिलं. "आपला क्रमांक लवकरच येईल, याची नोंद घ्यावी," असं माझं भूत म्हणत होतं. इतकी वर्षं परिपत्रकं लिहिल्यावर हाताला दुसरं वळण कुठून येणार? पुस्तक छापून आल्यावर एका मित्राने, वाचताना झोप छान लागली, असं कळवलं.

त्यात जिवंत म्हणाव्यात अशा दोनच गोष्टी होत्या, लिलाव आणि खोकला. दोन्ही माझ्या नव्हत्या.

फुवा नामपूरच्या कांदा मार्केटात लिलाव पुकारायचे. पुकारा करण्याआधी ते एकदा बारीक खोकत, मग एकदा लांबलचक, आणि ते ऐकून व्यापारी गप्पा थांबवत. मी बारावी पास झालो त्या दिवशी त्यांनी टेपरेकॉर्डरची रेकॉर्डिंगची दोन बटणं एकदम दाबली, खोकले आणि माझाच लिलाव काढला. "बोला, बारावी पास माल, उन्हाळ कांद्यासारखा टिकाऊ, सडका निघाला तर परत." मागून फुईचा आवाज येतो, "मना पोऱ्या इकाना नही शे." म्हणजे माझा पोरगा विकायचा नाही. मग तिघांचं हसणं, मग खरखर. फुवा गेल्यावर फुई रोज दुपारी, कामं आटपली की, ती कॅसेट लावून बसायची.

पुस्तकाची पहिली प्रत घेऊन मी नामपूरला गेलो आणि फुईला वाचून दाखवली. ती डाळ निवडत होती. भुताचं प्रकरण आलं तसा तिचा हात सुपातच थांबला. तिने पदर तोंडाला लावला आणि शेवटपर्यंत काढला नाही. मला इतका आनंद झाला की काय सांगू. अखेर कुणीतरी घाबरलं होतं. परतीच्या एसटीत मी दुसऱ्या भागाची जुळवाजुळव करत होतो.

दसऱ्याला पुन्हा गेलो. आमच्याकडे त्या दिवशी सगळ्या यंत्रांची पूजा होते. पाटावर विळा होता, वजनकाटा होता, मिक्सर होता, फुईच्या सुनेचा, म्हणजे वहिनीचा, मोबाइलसुद्धा हळदकुंकू लावून चार्जिंगला ठेवलेला. टेपरेकॉर्डर तेवढा नव्हता. एरवी पहिलं फूल त्याचं असायचं. वहिनीने हळूच सांगितलं, मी पुस्तक वाचून दाखवलं त्या दिवसापासून तो गोणीत बांधून माळ्यावर आहे. आता दुपारी फुई अंगणात नुसतीच बसून असते.

मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि साहित्य, कल्पनाशक्ती, लेखकाचं स्वातंत्र्य असं बरंच काही बोललो. मी शाळेत असताना पाठांतर ऐकायची तशीच तिने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुना फुवा लोकेसले मारस का रे?"

"फुई, ते फुवा नाहीत. ते मी मनाने रचलेलं आहे."

"मंग खोकला त्यानाच कसा?"

मी माळ्यावरून टेपरेकॉर्डर काढला, पुसला, कुंकू लावलं आणि कॅसेट घातली. फुई उठून गोठ्याकडे गेली. माझं बोट बटणावरच राहिलं. सगळ्या महाराष्ट्रात माझ्या भुताने एकाच बाईला घाबरवलं होतं, आणि नेमका तिच्या नवऱ्याचा आवाज तिच्याकडून काढून घेतला होता.

नाशिकला परतल्यावर तिला पत्र लिहावंसं वाटलं, पण ते वाचणार दुसरंच कुणी. म्हणून कोरी कॅसेट शोधत हिंडलो. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने धूळ झटकून एक दिली आणि प्रदर्शन मांडताय का, म्हणून विचारलं. त्याच्याच दुकानात बसून मी पत्र बोललो. ते ऐकायचं तर टेपरेकॉर्डर सुरू करावाच लागणार, एवढाच माझा डाव होता. बोललो अहिराणीत, इथे पुस्तकी भाषेत देतो.

"फुई, पाया पडतो. आत्ता ऐकलास तो खोकला माझा. बघ, किती बारका आहे. भुताला भारदस्त खोकला हवा होता, आणि माझ्याकडे हाच होता. म्हणून तुला न विचारता फुवांचा घेतला. बाकी त्या भुतात फुवांचं काहीही नाही. ते साहेबासारखं बोलतं, उगाच रुबाब करतं आणि शेवटी कुणाचंच भलं करत नाही. तो सगळा मीच आहे. फुवांनी जन्मात एकच माणूस लिलावाला काढला, तोही तू विकू दिला नाहीस. पुढच्या आवृत्तीत भूत खोकणार नाही, असं प्रकाशकांना कळवलं आहे. पुढची आवृत्ती निघेल असं त्यांना वाटत नाही, पण मी कळवलं आहे. आता वहिनीला सांग, ही कॅसेट काढून फुवांची घाल. आधी खोकला येईल, तेव्हा उठून जाऊ नकोस. मग ते माझा पुकारा करतील. ऐकून झालं की मला फोन लाव, आणि मी विकला गेलो का ते सांग."