मामांचा गणित पुरस्कार

बक्षीस द्यायला इतका आतुर आणि ते चुकून कुणाला मिळेल की काय या धास्तीने इतका हैराण झालेला माणूस माझ्या बायकोच्या मामांखेरीज अख्ख्या खानदेशात दुसरा नसेल. धुळ्याच्या कॉलेजात आयुष्यभर गणित शिकवून मामा निवृत्त झाले, जळगावात आमच्या मागच्या गल्लीत राहायला आले आणि गणितातल्या संशोधनासाठी त्यांनी एक पुरस्कार जाहीर केला. जाहीर करून झाल्यावर ते त्याचे नियम करायला बसले, आणि मग ते उठेचनात.

मुळात व्याख्या केल्याशिवाय मामा पाणीसुद्धा पीत नाहीत. रिक्षावाला म्हणाला की स्टेशन जवळच आहे, तर मामा जवळ म्हणजे किती ते विचारणार, आणि तो बिचारा गिऱ्हाईक सोडून निघून जाणार. एकदा चाळीसगावहून लग्नाची पत्रिका आली, ‘सहकुटुंब सहपरिवार यावे’. मामांनी लगेच मुलीच्या वडिलांना फोन लावला. कुटुंब हे परिवारातच येत असेल तर पहिला शब्द फुकट गेला, आणि येत नसेल तर परिवाराबाहेरचे हे कुटुंबातले लोक कोण आणि त्यांना कुठून आणायचं, असा त्यांचा प्रश्न होता. मांडववाल्याशी आधीच भांडून बसलेल्या त्या गृहस्थांनी हात जोडून सांगितलं की तुम्ही एकटे आलात तरी चालेल. मामा एकटेच गेले. मामी वर्षभर त्यांच्याशी धड बोलल्या नाहीत.

पुरस्कार समितीत आम्ही तिघं होतो. मामा संस्थापक. मी बँकेत असतो आणि मला मराठी टाइप करता येतं, म्हणून मी चिटणीस. तिसरे सलीमभाई. ते मामांचे बालमित्र, त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. शाळेत असताना गणिताचा तास आला की ते मागच्या खिडकीतून पसार व्हायचे. तरी मामांनी त्यांना आग्रहाने घेतलं, कारण उमेदवाराने आपलं संशोधन गणित न येणाऱ्या माणसाला एक प्लेट भरीत-पुरी संपेपर्यंत समजावून द्यावं असा नियम होता, आणि असा खात्रीचा माणूस दुसरा सापडत नव्हता. निबंधात ‘हे उघड आहे’ असं कुठेही लिहिलेलं चालणार नाही, असाही एक नियम होता. तरुणपणी एका पुस्तकातलं ‘हे उघड आहे’ उघड व्हायला मामांची अख्खी उन्हाळ्याची सुट्टी गेली होती, आणि तो राग अजून होता.

सगळ्यात कडक नियम नात्याचा. संस्थापकाच्या नातेवाइकाला बक्षीस नाही. पाचोऱ्याहून एक प्राध्यापक आले, निबंध उत्तम होता, पण चहा पिता पिता त्यांचा साडू मामांच्या चुलतभावाचा व्याही निघाला. बाद. दुसरे उमेदवार चाळीसगावचे एक गृहस्थ, त्यांच्याशी कितीही खोदलं तरी नातं निघेना. मामा खूश झाले. तेवढ्यात निघता निघता त्या गृहस्थांनी आपल्या धाकट्या भावासाठी मामांच्या पुतणीचा विषय काढला. त्याच संध्याकाळी मी ‘अथवा भावी नातेवाईक’ हे शब्द नियमात टाइप केले. त्याखालोखाल नियम होता की संस्थापकाच्या आजी-माजी विद्यार्थ्यालाही बक्षीस नाही. आता खानदेशात ज्याने म्हणून वरचं गणित केलं, तो कधी ना कधी मामांच्या वर्गात बसलेलाच. मी भीत भीत म्हटलं की मामा, पात्र उमेदवारांचा हा रिक्त संच झाला. मामा समाधानाने म्हणाले, “रिक्त असला तरी संच आहे, जावईबापू.”

नियम सगळे झाले तरी बक्षिसाचं काही ठरेना, तेव्हा सलीमभाई कंटाळून अहिराणीवर आले. “बठ्ठा नियम व्हई ग्यात, भो,” ते म्हणाले. “आते बक्षीस देनं शे का नही, तेवढं सांग.”

त्यावर मामांनी मला आणखी एक नियम टाइप करायला लावला. यापुढे कुठलाही नियम बदलता येणार नाही.

अशात एक दिवस चोपड्याहून एक तरुण प्राध्यापिका आली. घरची केळीची शेती, धुळ्याला मामांकडेच शिकलेली. जाळ्यांच्या गणितातला एक जुना अडलेला प्रश्न तिने सोडवला होता. सलीमभाईंपुढे भरीत-पुरी मागवली गेली. तिने त्यांच्याच ताटात पुऱ्यांची गावं केली, हिरव्या मिरच्यांचे रस्ते केले, आणि तापीवरचा पूल बंद पडला तर चोपड्याचा माणूस जळगावला कसा पोचेल इथून सुरुवात केली. सलीमभाईंना समजलं. इतकं समजलं की गाव मोडेल म्हणून ते पुरी खाईनात. शेवटी दुसरी प्लेट मागवावी लागली.

मामा खाली बघत म्हणाले की तू माझी विद्यार्थिनी, नियमात बसत नाहीस.

“माहीत आहे, सर,” ती म्हणाली. “बक्षिसासाठी नाही आले. तुम्ही वाचावं म्हणून आले.”

ती गेल्यावर मामांनी तो निबंध वाचायला घेतला आणि जेवतानाही तो हातातून सोडला नाही. मामींनी आमटीत मीठ घातलं नाही तरी त्यांना कळलं नाही. काही दिवसांनी त्यांनी समितीची बैठक बोलावली आणि मला विचारलं, नियमांत ‘संस्थापक’ या शब्दाची व्याख्या आपण केली आहे का. मी सगळी पानं उलटली. जवळ, दूर, नवं, जुनं, साडू, व्याही, सगळ्यांची व्याख्या होती. संस्थापकाची नव्हती.

“मग आजपासून सलीम संस्थापक,” मामा म्हणाले.

चोपड्याच्या प्राध्यापिकेला बक्षीस द्यायचा समारंभ जवळच्या शाळेच्या हॉलमध्ये झाला. संस्थापक म्हणून सलीमभाई व्यासपीठावर बसले, आणि गणिताने माणसाची दृष्टी कशी सुधारते यावर बोलता बोलता चष्म्याच्या नव्या काचांवर घसरले. लोक पोट धरून हसले. मामा शेवटच्या रांगेत श्रोत्यांत बसले होते. तिने फळ्यावर सिद्धता मांडली तेव्हा ते पुढे वाकून ऐकत होते. घरी येताना हळूच म्हणाले की शेवटचं पान त्यांना समजलं नाही. आपल्याला एखादी गोष्ट समजली नाही, असं मामांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

तेव्हापासून दर रविवारी ते एसटीने चोपड्याला जातात. ती फळ्यापाशी उभी राहते आणि मामा समोर बसून वहीत उतरवून घेतात. हल्ली त्यांना जिने चढताना धाप लागते, मामी नको म्हणतात, पण ते ऐकत नाहीत. परवा मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो होतो. गाडी लागायला वेळ होता, म्हणून विचारलं, समजलं का मामा शेवटचं पान?

“समजून बरेच दिवस झाले,” ते म्हणाले. मग इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. “तिला सांगू नका, जावईबापू. शिकवायचं थांबवेल ती.”