चाकांवरच्या घरातले बोंबील

सुक्या बोंबलांना एवढा वास येतो हे मला ठाऊक नव्हतं, असं म्हटलं तर आमच्या गावात लोक हसतील. पण खरंच नव्हतं. जेवण तयार होत आलंय हे लहानपणापासून ज्या वासावरून कळायचं, तो कुणाला नकोसा होईल हे डोक्यात यायचं कसं?

धाहरानला मी एका सौदी कुटुंबाकडे ड्रायव्हर आहे. आधी कंपनीच्या कॅम्पात होतो, खोलीत माणसावर माणूस. तेव्हा दुसऱ्यांच्या घोरण्याने झोप लागायची नाही. आता बंगल्याच्या फाटकाला लागून माझी एकट्याची खोली आहे, आणि शांततेने झोप लागत नाही. मुलांना शाळेत सोडायचं, मालकिणीला बाजारात न्यायचं, आणि सुट्ट्या लागल्या की सगळ्यांना विमानतळावर सोडून रिकामी गाडी परत आणायची. त्या रिकाम्या गाडीचा मला भारी राग यायचा. मागच्या सीटवर बिस्किटांचा चुरा तेवढा उरलेला असायचा. तो झाडताना मी एकटाच काहीबाही बडबडत असे.

मग कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर मी या देशात राहतो त्या मालकाने, मोटारहोम घेतलं. एसटीएवढं लांब. आत पलंग, न्हाणीघर, गॅसच्या शेगड्या, सगळा संसार. तांबड्या समुद्रावरच्या दुबा बंदरातून ते फेरीबोटीत घालायचं आणि इजिप्तभर फिरायचं, असा बेत ठरला. मी गाडी वाळवंट ओलांडून बंदरावर न्यायची, घरचे विमानाने येणार, आणि पुढे मीही त्यांच्याबरोबर. "तू तर घरचाच," कफील म्हणाला. माझा व्हिसाही त्याने काढला. हे मी बायकोला फोनवर सांगितलं आणि तिने ते वाडीभर केलं.

मला पिरॅमिडचं काही कौतुक नव्हतं. फाटकावर पाठवलेलं झाकलेलं ताट न घेता, एकदा तरी त्यांच्यात मांडी घालून जेवायचं होतं. एवढीच हाव.

रियाध मागे टाकलं, तसा रस्ता सरळ आणि सुनसान झाला. मागे अख्खं घर घेऊन मी चाललो होतो आणि त्या घरात कुणी नव्हतं. गाद्यांवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. मी त्यांना हात लावला नाही, ड्रायव्हरच्या सीटवरच पाय मुडपून झोपलो. वळणावर कपाटातल्या बश्या वाजायच्या, तर मला वाटायचं मागे कुणीतरी उठलंय.

हाइलच्या पुढे संध्याकाळी पेट्रोल पंपाजवळ थांबलो आणि बायकोला व्हिडिओवर घर दाखवलं.

"अगो बाई! शेगडीसमोर खिडकी पण हाय!" ती म्हणाली. "मग बोंबील करा की. डबा काय बघायला दिलाय?"

सुट्टीवरून परतणाऱ्या गाववाल्याबरोबर तिने डबा पाठवला होता. मी बाहेर स्टोव्ह मांडून बघितला, पण वाऱ्याने वाळू तव्यात यायला लागली. शेवटी आतच शेगडी पेटवली. फोन खिडकीला टेकवून ठेवला. तिकडे तीही तिच्या स्वयंपाकाला लागली.

"तेल अजून घाला. एवढ्यात काय होतंय? आता परता... परता म्हणते ना!"

इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही दोघांनी एकदमच असा स्वयंपाक कधी केला नव्हता. बोंबील कुरकुरीत झाले. ती तिकडे जेवली, मी इकडे. त्या संध्याकाळी मी एकटा नव्हतो, हे मी कुणालाही छाती ठोकून सांगेन.

सकाळी खिडक्या उघडल्या, ओटा लिंबाने घासला, वर सौदी लोक जाळतात तो ऊदही जाळला. मला तर घर लग्नघरासारखं वाटायला लागलं.

बंदराबाहेर घरचे सगळे भेटले. बरोबर मालकिणीचा भाऊही होता. धाकटी मुलगी "अम्मो, अम्मो" करत माझ्या पायाला बिलगली. ती मला काकाच म्हणते. मी ऐटीत दार उघडलं. मालकीण पायरी चढून आत गेली आणि लगेच नाकाला रुमाल लावून बाहेर आली. कफील आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. नंतर त्यांचं आपसात अरबीत बोलणं झालं. मला अरबी कळतं हे तेवढ्यापुरतं ते विसरले. या वासात झोपायचं कसं, ती म्हणत होती. उलटी होईल. आणि वाटेत याने पुन्हा काही शिजवलं तर?

कफील माझ्याजवळ आला. वासाचं त्याने नावही काढलं नाही. भला माणूस आहे.

"जागा कमी पडतेय रे," तो म्हणाला. "गाडी मेहुणा चालवेल. तू बसने परत जा. खलास, चार दिवस आराम कर."

आराम! त्या फाटकाच्या खोलीत! माझी पिशवी आणि डबा उतरवून घेतला.

फेरीच्या रांगेत गाडी मागे घ्यायची होती आणि मेहुण्याला ते जमेना. मग मीच मागे उभा राहिलो. दाभोळच्या फेरीबोटीवर टेम्पो चढवण्यात माझी उमर गेली होती. हात हलवत ओरडत होतो, "येऊ दे, येऊ दे... डावीकडे... येऊ दे... बस्स!" मराठीतच ओरडत होतो आणि त्याला ते बरोबर कळत होतं. गाडी रांगेला लागली. धाकटीने काचेतून हात केला. मग गाडी आत गेली आणि बंदराचं फाटक बंद झालं.

बसला वेळ होता. किनाऱ्यावरच्या कठड्यावर डबा मांडीवर घेऊन बसलो. बोट सुटायच्या सुमारास बायकोचा फोन आला, नुसताच आवाजाचा.

"चढलात काय बोटीत?"

तिच्या मागे शेजारणींचा कालवा ऐकू येत होता. फोन तिने स्पीकरवर टाकला असणार.

"चढलो."

"वास नाय ना राहिला गाडीत? मला रातभर तीच काळजी. मीच सांगितलं ना तुम्हाला."

"छे गं. कुणाला कळलं पण नाही."

"आणि झोपायला कुठं? त्यांच्यातच?"

"त्यांच्यातच."

"बघा!" ती म्हणाली, मला नव्हे, शेजारणींना.

तेवढ्यात बोटीचा भोंगा झाला. मी उठून उभा राहिलो, फोन हातात जमेल तेवढा उंच धरला, पार समुद्राच्या दिशेने. भोंगा थांबल्यावर कानाला लावला.

"ऐकलास?"

"ऐकला की," ती म्हणाली. "किती जवळ वाजतो वो!"