सापांच्या केसांची बाई आणि धुरपदाबाईंचा पाट

श्रावणात कहाणी सांगायची तर पाटावर बसून, आणि ऐकायची तर हातात चार तांदूळ धरून. हा नियम देवाने केला की धुरपदाबाईंनी, हे सुरतेतल्या डिंडोलीच्या त्या गल्लीत कुणी कधी विचारलं नव्हतं. बावीस श्रावण त्या पाटावर होत्या. नवऱ्याच्या लूमच्या नोकरीमागे पारोळ्याहून सुरतेला आल्या तेव्हा ट्रंकेत दोन लुगडी होती आणि डोक्यात सासूच्या कहाण्या. लुगडी विरली. कहाण्या मात्र दर वर्षी बोटभर वाढत गेल्या. एका अक्षराचा फरक केला नाही असं धुरपदाबाई छातीवर हात ठेवून सांगत, आणि सांगताना त्यांना ते खरंच वाटत असे.

दुसरा नियम हुंकाराचा. ऐकणारीने "हं" म्हटल्याशिवाय त्या पुढे सरकत नसत. एखादीचं लक्ष मोबाइलकडे गेलं, हुंकार चुकला, की राजाला अरण्यात तसाच उभा ठेवून बाई पाणी प्यायला उठत. राजा बिचारा दोन दोन ग्लास पाणी होईपर्यंत उभा राही.

यंदा मात्र समोरच्या घरातल्या गायत्रीला भावाने एक स्पीकर दिला. डबा हातभर, आवाज गल्लीभर. पोरगी स्वभावाने वाईट नव्हती, म्हणून तर राग धरणं अवघड.

"आजी, तुमचा घसा बसतो ना?" ती म्हणाली. "यात साती वारांच्या कहाण्या आहेत. बुवांच्या शुद्ध आवाजात."

पहिल्या सोमवारी तिने डबा ठेवला, तोही कुठे, तर पाटावर. धुरपदाबाई खाली सतरंजीवर बसल्या. तांदूळ मुठीत घट्ट धरून बसल्या होत्या; उठल्या तेव्हा तळव्यावर दाण्यांचे वळ होते. बायकांनी निवाडा पुढे ढकलला. पंचमीला आधी डब्याची ऐकू, मग आजींची, आणि उरलेल्या श्रावणात पाट कुणाचा ते तेव्हाच ठरवू. बावीस वर्षांच्या पाटाला आता परीक्षा आली होती.

त्यात आदल्या दिवशी लोटू आला. लोटू पारोळ्याकडचाच, नात्याने भाचा. मार्केटमधून कुर्त्यांचे गठ्ठे आणून गल्लीतल्या बायकांना वाटायचा. त्यांचे सुटे धागे कापायचे, चमकणारे स्टोन गमने चिकटवायचे, आणि माल परत त्याच्या टेम्पोत.

"मावशी, दोनशे पीस. डोळ्यांत दोन दोन स्टोन. परवा सकाळी पाहिजेत."

"उद्या पंचमी. उद्या घरात कात्री उघडायची नाही."

"सेठ गुजराती, त्यांची नागपंचमी पंधरा दिवसांनी येते, मावशी. त्यांचे नाग अजून झोपलेत."

"सेठचे नाग सेठपाशी. आमचे उद्या जागे." मग धुरपदाबाईंनी जरा विचार करून मार्ग काढला. "धागे आजच कापू. गम लावायला पंचमीची हरकत नाही."

लोटू गेला. बाईंनी गठ्ठा सोडला आणि वरची कुर्ती उलगडली. छातीवर बाईचं मुख होतं. धड नाही, हात नाहीत, नुसतं मुख. भोवती केसांच्या जागी नागच नाग, फणा काढलेले. डोळे मोठे, सरळ रोखलेले. धुरपदाबाईंचे हात आपोआप जुळले. माहूरची रेणुका त्यांनी एकदाच पाहिली होती, तीही अशीच नुसत्या मुखाची, आणि आईला पाहताच कोरड्या डोळ्यांना धार लागली होती. पंचमीच्या तोंडावर, नागांसकट, आई चालत घरी आली! त्यांनी कोयरीतून हळद-कुंकू घेतलं आणि कुर्तीच्या कपाळावर ठसठशीत बोट टेकवलं.

"आजी! काय केलंस हे!"

नात मयुरी कॉलेजातून आली होती. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि इंग्रजी कादंबऱ्या फोनवर वाचायची. आधी ओरडली, मग इतकी हसली की तिला दाराची चौकट धरावी लागली.

"अगं, ही देवी नाही. ही मेडुसा. ग्रीस देशातली राक्षसीण. हिच्याकडे जो बघेल त्याचा दगड होतो."

"दगड? मग मी कशी झाले नाही?"

"तू आधीच कुंकू लावून मोकळी झालीस ना."

धुरपदाबाईंनी कुंकू पुसायचा प्रयत्न केला. डाग आणखीच पसरला. लोटूने फोनवर ऐकून कपाळावर हात मारल्याचा आवाज इकडे आला. "एकशे नव्व्याण्णव द्या," म्हणाला, "ती एक तुम्हीच पुजा."

त्या संध्याकाळी धागे कापता कापता मयुरीने सगळं सांगितलं. मेडुसा मुळात देखणी मुलगी होती. अथीना नावाच्या देवीच्या देवळात समुद्राच्या देवाने तिच्यावर जबरदस्ती केली. देवी चिडली, पण शिक्षा झाली मुलीला. केसांचे साप झाले. पुढे पर्सियस नावाचा वीर आला. आरशासारख्या ढालीत तिचं प्रतिबिंब बघत, ती झोपलेली असताना, त्याने तिचं मुंडकं उडवलं. मग तेच मुंडकं दाखवून शत्रूंचे दगड करत हिंडला, आणि शेवटी ते देवीला दिलं. देवीने ते मिरवलं.

"हजारो वर्षं पर्सियसच हिरो होता," मयुरी म्हणाली. "आता बायका नव्याने लिहितात. मेडुसाच्या बाजूने."

"म्हणजे पुस्तकवाल्या बाया कहाणी बदलतात?"

"बदलत नाहीत गं. पुनर्कथन म्हणतात त्याला."

"असं," धुरपदाबाई म्हणाल्या. मग त्यांनी पुढची कुर्ती ओढून धागा कचकन कापला.

पंचमीला बायका गायत्रीकडे जमल्या. भिंतीवरच्या नागांना दूध-लाह्यांचा नैवेद्य झाला आणि पाटावर डबा बसला. बुवांचा आवाज खरोखर गोड होता. नांगराच्या फाळाखाली नागिणीची पिल्लं गेली, नागीण सूड घ्यायला निघाली, शेतकऱ्याच्या लेकीच्या दारात पोचली, तिने फणा उभारला, आणि डब्यातून एक बाई किंचाळली, "टाचांच्या भेगांवर आजच लावा!"

हशा उसळला. गायत्रीने घाईने बटणं दाबली. डबा तिथून पुढे गेला, पण नागीण केव्हाच शांत होऊन परतली होती. एकीने सवयीने "हं" म्हटलं. डब्याने तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

आता पाळी धुरपदाबाईंची. त्या पाटावर बसल्या. गुडघे वाजले. समोर बायकांच्या मांडीवर कुर्त्या होत्या, बोटांना गम, आणि कापडावरच्या, दोनशेला एक कमी अशा त्या बाया डोळ्यांत खडे भरून घेत वर बघत होत्या. तीच पंचमीची कहाणी डब्यापाठोपाठ पुन्हा सांगायची? बाईंच्या जिभेवर ती आली, आणि परत गेली.

"आईका बायांनो," त्या म्हणाल्या. "समुद्रापलीकडे एक देऊळ होतं. देवळात एक मुलगी दिवा लावायची."

"हं."

"समुद्राने तिला नासवली. देवी म्हणाली, माझं देऊळ बाटवलंस."

"अगं बाई! तिलाच?"

"हुंकार भर, प्रश्न नको. केसांचे नाग झाले. मुलगी गुहेत जाऊन बसली. जो येई तो तलवार घेऊन येई. बघे आणि दगड होई. तिला कुणी विचारलं नाही, बाई गं, जेवलीस का?"

"हं," गायत्री म्हणाली. तिच्या बोटावरचा स्टोन बोटावरच वाळला होता.

"मग एक वीर आला. ढाल पुढे धरून, पाठमोरा चालत. ज्याने तिला मारलं त्याने तिला एकदा सरळ पाहिलंसुद्धा नाही. आपल्याकडे रेणुकाआईचं मुंडकं उडवलं तर आपण निदान देऊळ बांधतो. तिकडे त्यांनी तिला राक्षसीण म्हटलं."

 मग सगळ्यांचा मिळून एक "हं" आला, लांब.

"पण तिकडच्यांना ठाऊक नाही, तो वीर पोचायच्या आधी एक म्हातारी तिथे गेली होती. हातात दुधाची वाटी, कोयरी. म्हातारीने मान खाली घातली, डोळे मिटले, आणि चाचपत चाचपत तिच्या कपाळाला कुंकू लावलं. नाग दूध प्यायले, निजले. वीर आला तेव्हा गुहेत दिवा होता आणि बाई नव्हती. ढाल तेवढी आरशासारखी चकाकत होती. त्यात त्याने स्वतःचंच तोंड पाहिलं आणि लाजून परत गेला. तिला जसं विचारणारं माणूस भेटलं, तसं तुम्हाआम्हाला भेटो."

"आजी!" मयुरी उठून उभी राहिली. "असं कुठल्याच पुस्तकात नाही. म्हातारी कुठून आली?"

"पारोळ्याहून."

"पण तू बदललंस!"

"हाई काय बोलस? शिकलेल्या बायांनी केलं तर पुनर्कथन, आणि मी केलं तर बदललं? तुम्हाला चालतं, मला चालत नाही?"

बायका टाळ्या वाजवायला लागल्या. गम लावलेल्या हातांच्या टाळ्या, त्या चिकटतच वाजल्या. पाट कुणाचा हे विचारायची गरज उरली नाही, असं धुरपदाबाईंना वाटलं. आरती म्हणताना त्यांचा सूर जरा चढाच लागला. देव क्षमा करणारा आहे.

पुढच्या सोमवारी त्या न्हाऊन, नऊवारी नेसून गायत्रीकडे गेल्या. मयुरीने ती कुंकवाचा डाग पडलेली कुर्ती घातली होती. पाटावर डबा होता.

"आजी, रागावू नका," गायत्री आनंदाने म्हणाली. "मी तुमची कहाणी त्या दिवशी फोनमध्ये भरून घेतली. भुसावळला आईला पाठवली, तिने अजून चौघींना. आता तुमच्या घशाला त्रासच नाही. तुम्ही बसा, आरामात ऐका."

आणि डब्यातून धुरपदाबाईच बोलायला लागल्या. आईका बायांनो. समुद्रापलीकडे एक देऊळ होतं. सतरंजीवर बसून, मुठीत तांदूळ धरून, धुरपदाबाईंनी स्वतःलाच "हं" म्हटलं. ज्या आवाजाने पाट राखला होता त्याच आवाजाने तो घेतला होता, आणि तक्रार कुणाकडे करायची? सगळ्या कौतुकाने त्यांच्याकडे बघत होत्या. डबा न थांबता पुढे चालला. पंचमीच्या हुंकारांसाठी सोडलेल्या जागा त्यात होत्या, आजच्या हुंकारांसाठी नव्हत्या.

"म्हातारीने मान खाली घातली, डोळे मिटले..."

"बंद कर ते," धुरपदाबाई म्हणाल्या.

"काय झालं आजी? आवाज कमी आहे का?"

"ती चुकीचं सांगतेय."

"ती म्हणजे... तुम्हीच की."

"मीच. पाच दिवसांपूर्वीची. तेव्हा मी धड विचार केला नव्हता. तो वीरही बघायला भ्याला. म्हातारीपण भ्याली तर ती गेली कशाला एवढं दूध घेऊन?" त्या उठल्या, डबा दोन्ही हातांनी उचलून खिडकीत ठेवला आणि पाटावर बसल्या. गुडघे वाजले. समोर नातीच्या छातीवरून ती बाई रोखून बघत होती, कपाळावर पसरलेलं कुंकू. धुरपदाबाईंनी तिच्या डोळ्यांना डोळा भिडवला.

"म्हातारीने मान वर केली," त्या म्हणाल्या. "आणि सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं."

गायत्रीच्या हातातले तांदूळ सांडले. "मग? म्हातारीचा दगड झाला?"

धुरपदाबाई पाण्याचा तांब्या कुठे आहे ते बघू लागल्या.

"हं," गायत्री घाईघाईने म्हणाली. "हं, आजी, हं."