राळेगावची पांढरी फुलदाणी

यवतमाळहून राळेगावच्या एसटीत बसलो तेव्हा मांडीवर थर्माकोलचं रिकामं खोकं होतं. परतताना ते भरलेलं असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. जुन्या जर्मन फुलदाण्या जमवण्याचा नाद मला बावीस वर्षांचा. साठ-सत्तरच्या दशकातल्या, पांढऱ्या चिनी मातीच्या, झिलई न दिलेल्या, अंगावर फक्त उठावाच्या रेघा. पुण्याच्या घरी काचेच्या कपाटात, वरून दिवे सोडून, सव्वीस मांडल्या आहेत. एक उंच, कमरेत बारीक फुलदाणी मात्र नऊ वर्षं हुलकावणी देत होती. शेवटी तिचा धूसर फोटो आला तो राळेगावच्या शेवंताबाईंच्या मुलीकडून; आईला ती कुणाला तरी देऊन टाकायची होती.

"खोक्यात काय हाय?" कंडक्टरने विचारलं.

"काही नाही."

"मंग मांडीवर कायले (कशाला) घेऊन बसले? वर टाका ना."

मी टाकलं नाही. कळंब मागे पडलं. दोन्हीकडे नांगरून ठेवलेली काळी शेतं वैशाखात तापत होती.

शेवंताबाईंचं घर स्टँडपासून जवळच. भिंती नुकत्याच चुन्याने रंगवलेल्या, कारण बुद्धपौर्णिमा चार दिवसांवर होती. फळीवर बुद्धमूर्ती, वर बाबासाहेबांचा फोटो आणि शेजारी माझी फुलदाणी. बांध्यावरून मी ती क्षणात ओळखली. अंगावर मात्र चुन्याची जाड पुटं, रेघ एकही दिसेना.

"मावशी, हे काय झालं हिला?"

"काही नाही झालं. पौर्णिमेले आपण पांढरं नेसतो, मंग तिले नको? सूतगिरणीत जर्मनीचा साहेब मशिनी बसवाले आलता, त्यानं जाताना आमच्या ह्यायले देली. कारखान्यात रंग द्याचा राहून गेला असंन, असं हे म्हणत. तवापासून दरसाल चुना देतो."

मी कपाळाला हात लावला, पण धीर सोडला नाही. चुना निघतो.

"न्या तुम्ही," त्या म्हणाल्या. "पोरगी नेत नाही. माह्यामागं कोण पाहीन तिले?"

आधी जेवण झालं. पातोडीची भाजी (बेसनाच्या वड्यांचा रस्सा) इतकी झणझणीत की डोळ्यांना धार लागली. मग अंगणात बसून मी ओल्या फडक्याने चुना सोडवू लागलो. वरची पुटं गुळगुळीत होती, भराभर निघाली. खाली खडबडीत थर लागला, बोटांनी गोल गोल फासलेला. मी नखाने त्याचा एक पोपडा काढला. आत ती रेघ, कोरी करकरीत.

"थांबा, भाऊ."

शेवंताबाई जवळ येऊन बसल्या. "मी फडक्यानं लावतो. आमचे हे बोटानं लावत. वरचं सारं माह्यं होतं, तुम्ही काढलं तं काढलं. हे त्यायचं हाय."

त्यांनी त्या गोल ओरखड्यांवर आपली बोटं ठेवली. आठ वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाची बोटं तिथे होती, आणि माझ्या नखात त्यांचा चुना.

मी खूप वाद घालू शकलो असतो. वस्तूची किंमत मला कळते, हे मी आजवर अनेकांना पटवलं आहे. तिथे मी फडकं खाली ठेवलं.

त्यांनी चुन्याची वाटी पुढे केली. "उघडं पाडलं तुम्ही, मंग तुम्हीच झाका."

मी बोटं बुडवली आणि नऊ वर्षं शोधलेली ती रेघ झाकून टाकली.

रिकामं खोकं घेऊन पुण्याला पोहोचल्यावर कपाटाचे दिवे लावले. सव्वीस फुलदाण्या, एकीवरही डाग नाही. उचलतानासुद्धा मी हातमोजे घालतो. बावीस वर्षांत माझं बोट उमटलं ते फक्त राळेगावात.