मोठ्या बाईंचा ऑफ तास

आमच्या मालाडच्या शाळेत मुख्याध्यापिकेला मुलं ‘मोठ्या बाई’ म्हणतात. जुन्या मोठ्या बाई निवृत्त झाल्या तेव्हा पुढची मीच, हे मी धरूनच चालले होते. वर्षानुवर्षं गणित शिकवत होते, पर्यवेक्षिका होते, चारकोपला आमच्या घरी पेढे कुठून आणायचे तेही ठरलं होतं. पण संस्थेने मुलुंडच्या शाळेतून एकीला आणलं. माझ्यापेक्षा चांगली दहा वर्षांनी लहान. सुती साडी, खांद्याला झोळी, शिपायापासून सगळ्यांशी हसून बोलणार. मला ती पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होती.

आल्या आल्या तिने एकच गोष्ट बदलली. शिक्षक रजेवर असला की त्या वर्गाला ऑफ तास मिळायचा. म्हणजे आमच्यापैकी कोणीतरी जाऊन वह्या तपासत बसायचं आणि अधूनमधून ‘गप्प बसा’ म्हणायचं. ती म्हणाली, यापुढे ऑफ तास मी घेईन, आणि त्या तासाचा विषयच शिकवेन. स्टाफरूममध्ये आम्ही एकमेकींकडे बघून हसलो. नव्याची हौस, फिटेल म्हटलं.

मग मला ताप आला आणि मी दोन दिवस घरी राहिले. परत आले तर सहावीच्या फळ्यावर एका कोपऱ्यात टोपली काढलेली, तिच्याखाली मासळीचे आठ वाटे, आणि भोवती चौकट करून मुलांनी लिहिलं होतं, ‘पुसू नये’. मढहून येणारी एक मुलगी होती, तिची आई बाजारात मासळी विकते. पाचवीपासून या पोरीच्या तोंडून मी अक्षर काढू शकले नव्हते. ती आपणहून उभी राहिली.

“बाई, मोठ्या बाईंनी मला फळ्यावर बोलावलं. आठातले तीन वाटे खपले, तर टोपलीचा किती भाग उरला, ते मी सगळ्यांना शिकवलं.”

मागून एकाने अगदी निरागसपणे विचारलं, “बाई, तुम्ही परत कधी आजारी पडणार?”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मला त्या मुलाचा नाही, तिचा राग आला. माझी मुलं, माझे अपूर्णांक, आणि दोन तासांत ही बाई सगळं उचलून घेऊन गेली. आठवडाभर मी ती चौकट सोडून उरलेल्या फळ्यावर लिहीत होते.

त्या दिवसापासून मी रजा घेणं बंद केलं. दिंडोशीला भाचीच्या हळदीला शाळा सुटल्यावर पोचले, तेव्हा मांडवात फक्त पिवळे पाट उरले होते. बहीण म्हणाली, “तुला शाळेनं दत्तक घेतलंय का गं?” मी एकटीच अशी नव्हते. विज्ञानाची मैत्रीण पायाला पट्टी बांधून रिक्षाने आली.

“पाय मुरगळलाय यार, तोंड नाही,” ती म्हणाली. “आठवी तिच्या हातात देऊ काय?”

नुसतं हजर राहून भागणार नव्हतं. मुलं तुलना करतात. मी डब्यातली चपाती वर्गात कापली, कॉरिडॉर मुलांकडून पावलांनी मोजून घेतला, रात्री अंथरुणात उद्याचं गणित कशावर घ्यायचं याचा विचार करू लागले. हे सगळं मी मुलांच्या भल्यासाठी करत होते असं म्हणवत नाही. मला तिला हरवायचं होतं. एके दिवशी मढची ती मुलगी न बोलावता फळ्याशी आली आणि माझ्या हातातला खडू मागून घेतला.

तास संपवून बाहेर आले तर मोठ्या बाई दाराशी उभ्या. हातात पोषण आहाराचे कागद. बराच वेळ उभ्या असाव्यात.

“बाई, हल्ली कोणी रजाच घेत नाही,” त्या म्हणाल्या. “दिवसभर ऑफिसात कागद आणि पालकांच्या तक्रारी. कितीतरी दिवसांत खडू हातात धरला नाही.” त्यांची नजर माझ्या खांद्यावरून वर्गात गेली. मुलगी अजून फळ्याशीच होती. “तुम्ही एखादा दिवस घ्या ना रजा. तुमची सहावी मला द्या.”

तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. कित्येक महिने रोज सकाळी बेसिनवरच्या आरशात मी तोच बघत होते.

“नाही जमणार,” मी म्हटलं. पुढचा तासही माझाच होता. मी आत गेले आणि दार लावून घेतलं.