पिंगळीच्या खळ्यावरची मॅच

कॉलेजनं हजेरीपटावरून आमची नावं काढली, त्याच आठवड्यात आम्ही कॉलेजची मॅच खेळायला निघालो.

संस्थानी अमलातल्या हैदराबादच्या आमच्या कॉलेजची बास्केटबॉल टीम आठ जणांची. हंगामातल्या चार मॅच झाल्या होत्या, तीन जिंकल्या होत्या. पाचवी आणि शेवटची परभणीच्या क्लबाशी ठरली होती. मध्येच वसतिगृहात परवानगीवाचून सभा घेतल्याबद्दल आमच्याकडे माफीनामा मागितला गेला. तिघांनी तो लिहून दिला. त्यांच्या घरच्या अडचणी आम्हाला ठाऊक होत्या, राग नव्हता. आम्ही चौघांनी दिला नाही, म्हणून आमची नावं कटली. आठवा सादिक. तो सभेला नव्हताच, त्यामुळे त्याला कुणी विचारलंही नाही.

टीम येणार नाही, अशी तार कॉलेजनं परभणीला केली. आमचा कॅप्टन वसंत वालूरचा. चिडला की गावची बोली तोंडात यायची. "तार त्यांनी केलीय, आमी न्हाई," तो म्हणाला. "आमी जायलाव." त्यानं तसं परभणीला पत्रानं कळवलंही.

चौघांनी पाच जणांचा खेळ कसा खेळायचा, हे मात्र कुणालाच सुचेना. काचीगुड्याच्या फलाटावर पोचलो, तर सादिक पिशवी घेऊन उभा.

"सभा में मैं नहीं था," तो म्हणाला. "टीम में तो हूँ ना?"

बासरजवळ गोदावरी ओलांडली आणि पुढे काळी रानं सुरू झाली. ज्वारी काढून झाली होती, कडब्याच्या गंजी रचल्या होत्या, मधेमधे हरभरा पिवळा पडत चालला होता. पूर्णा जंक्शनला एका माणसानं खिडकीतून वसंतच्या हातात चिठ्ठी दिली. परभणी क्लबाचे कॅप्टन बाबुराव मास्तर यांची. 'मैदानाला कुलूप लागलं आहे. परभणी स्टेशनावर पोलीस आहेत. अलीकडे पिंगळीलाच उतरा. आम्ही येतो.'

पिंगळीला गाडी जेमतेम थांबते. घाईत उडी मारताना माझ्या उजव्या बुटाचा तळ अर्धा सुटला. तो सुतळीनं बांधून मी फटक फटक करत गावात शिरलो. आमची पहिली ओळख झाली ती लोकांच्या हसण्यानंच.

बाबुराव मास्तर गावातल्या वीरभद्रअप्पांच्या खळ्यावर मैदान तयार करत होते. अप्पा किराणा दुकानदार. गळ्यात लिंग, डोक्याला भलंमोठं पागोटं. मळणी आटोपून खळं मोकळं होतं, शेणानं सारवून टणक झालेलं. मधली मेढ (बैल फिरवायचा खांब) उपटून दोन टोकांना दोन खांब रोवले होते. फुटक्या मोटांची लोखंडी कडी खांबांवर चढवली होती. कड्यांमागे लावायला अप्पांनी दुकानाच्या दाराच्या फळ्याच काढून आणल्या होत्या.

"दुकान उघडं पडलं की, अप्पा," मी म्हणालो.

"असू द्या. समदी गिऱ्हाईकं हितंच हायेत."

मास्तर शाळेत कसरत शिकवत. त्यांची नोकरी सरकारी. तिचं काय, हे वसंतनं विचारलंच.

"रजेचा अर्ज दिलाय," ते म्हणाले. "पोटात लय दुखायलंय म्हणून."

भाकरी, ठेचा आणि हुळा (भाजलेला ओला हरभरा) खाऊन, काळ्या बोटांनीच आम्ही खेळायला उतरलो. बदली खेळाडू आमच्याकडे नव्हता. मास्तरांचे गडी दणकट होते, पण आम्ही चपळ. एकवीस-वीस, आम्ही पुढे. तेवढ्यात घोड्यावरून अमीन (पोलीस अंमलदार) आला, मागोमाग एक जवान.

"ये मजमा कैसा? इजाजतनामा दिखाव."

परवानगीवाचूनचा जमाव म्हटल्यावर लोक मागे सरले. अप्पा तेवढे पुढे झाले. "खळं माझं हाय, साहेब. माझ्या खळ्यावर पोरं खेळायलीत. ह्याला बी इजाजत लागती का?"

अमिनानं खिशातून कागद काढला. कॉलेजकडून आलेली आम्हा चौघांची यादी. नावं वाचून त्यानं जवानाला चेंडू घ्यायला सांगितला. तेव्हा सादिक पुढे गेला आणि अदबीनं म्हणाला, "जनाब, गेंद की रसीद दीजिए."

अमिनानं त्याला न्याहाळलं. नाव विचारलं. सादिकनं आपलं नाव, वडिलांचं नाव, वर्ग, सगळं सांगितलं.

"तुम्हारा नाम तो फेहरिस्त में नहीं है," अमीन म्हणाला. आवाज मऊ झाला होता. "घर जाव, बेटा."

"नहीं है तो लिख लीजिए."

एका शब्दात तो सुटला असता. अमिनानं शिसपेन्सिल काढून यादीत पाचवं नाव लिहिलं. पावती दिली नाही. जवानाला तिथंच उभं करून तो चावडीकडे गेला.

अप्पांच्या घरातून चिंध्यांचा चेंडू बांधून आला. तो उसळेना, म्हणून टप्पा द्यायचाच नाही, नुसता हातोहात फेकायचा, असं ठरलं. वसंतनं जवानाकडे पाहिलं. आमचा चेंडू काखेत धरून जवान म्हणाला, "साहेबांनी चेंडू घ्यायला सांगितला, घेतला. हे तर गाठोडं हाय." पुढे माझा नेम चुकला तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं हळहळला तोच.

शेवटचा गोल मास्तरांनी केला. बावीस-एकवीस. आम्ही हरलो. मास्तरांनी वसंतला मिठी मारली आणि दोन्ही टीमची नावं घालून निकाल वहीत लिहिला. आमच्या नावापुढे त्यांनी कॉलेजचं नाव लिहिलं.

परतीच्या गाडीत मला हरल्याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय याचा आनंदही झाला. मॅच रद्द झाली असती तर आम्ही जिंकलोही नसतो, हरलोही नसतो. कुणीतरी आम्हाला नुसतं पुसून टाकलं असतं. हरायला आम्हाला तिथं असावं लागलं.

चौथ्या दिवशी कॉलेजच्या फलकावर नवा हुकूम लागला: हजेरीपटावरून आणखी एक नाव कमी. फाटकाबाहेरून आम्ही चौघे बघत होतो. सादिकनं तो शांतपणे दोनदा वाचला. उर्दूत 'स'साठी वेगवेगळी अक्षरं आहेत. कारकुनानं त्याच्या नावाला भलतंच लावलं होतं.

"मेरा नाम गलत लिखा है," तो आम्हाला ओरडून म्हणाला, आणि ते दुरुस्त करून घ्यायला कचेरीत शिरला.