उजव्यात चार, डाव्यात तीन

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, देवापुढेही कधी बोललो नाही. आज तुम्हाला सांगतो — मध्ये अडलो तर घाई करू नका.

बुधवार पेठेतल्या आमच्या देवळाचा चौघडा मी तीस वर्षं वाजवतो आहे. उजव्या हाताने चार ठोके आणि तेवढ्याच वेळात डाव्याने तीन — असा हात पुण्यात दुसरा नाही. बढाई नव्हे, पेशव्यांच्या वाड्यातून त्यासाठी शेला मिळाला आहे. पण हा हात मला आला कसा?

वस्तादांकडे आम्ही दोघं शिकत होतो, मी आणि म्हादू. खरं सांगू? म्हादू माझ्यापेक्षा सरस होता. चारावर तीन मात्र दोघांनाही जमेना. उजवा मोजावा तर डावा त्याच्यामागे धावायचा, डावा मोजावा तर उजवा अडखळायचा. मग म्हादू तापाने पडला असताना वस्तादांनी मला जवळ बसवलं. मोजायचंच नाही, म्हणाले. ‘चल रे माझ्या घरी’ एवढं मनात घोळवायचं — ‘चल’ला दोन्ही हात, पुढे एकेका अक्षराला आलटूनपालटून, आधी उजवा. दुपारपर्यंत माझे हात सुटले. निघताना ते म्हणाले, “म्हादूलाही सांग. त्याला घटकाभरात येईल.”

घटकाभरात — हे मला झोंबलं.

मी म्हादूकडे गेलो. काढा दिला, पाय चेपले. ते चार शब्द मात्र सांगितले नाहीत.

बरा होऊन तो मोजतच राहिला. नगारखान्यात एकच जागा होती. देवळाच्या पंचांसमोर वाजवून दाखवताना त्याचा डावा हात घसरला. वस्तादांना वाटलं, सांगूनही जमत नाही, म्हणजे याच्यात ते नाहीच. त्यांनी त्याला हातातली वाजवायची टिपरं खाली ठेवायला सांगितलं. मी शेजारीच उभा होतो. वाईट वाटलं का? नाही — आनंद झाला.

म्हादू आता देवळाच्या दारात फुलं विकतो. सकाळी चौघडा सुरू झाला की मांड्यांवर बोटं वाजवतो, उजवी चार, डावी तीन, आणि अजून तिथेच चुकतो. वरून मला दिसतं. तुला हे साधतं कसं रे, असं त्याने एकदा विचारलंही. देवाची देणगी, म्हणालो मी. त्याने मान डोलावली.

चौघडा संपवून मी खाली उतरतो तेव्हा तो टोपली आवरून माझ्या खांद्यावर हात ठेवतो.

“चल रे माझ्या घरी,” म्हणतो. “भाकरी तयार आहे.”

मी जातो, आणि पोटभर जेवतो.